मातीत जायला निघालेला ट्रे

मी एक जुना ट्रे आहे, मित्रांनो. अजून आहे, हीच माझी तक्रार आहे. जुन्या वस्तू तुम्हाला बहुधा "आम्हाला फेकू नका हो" असं विनवतात. माझं सगळं उलटं. मी थकलोय आणि मला आता जायचंय.

माझा जन्म अंबाडीच्या शेतातला. अंबाडीचे उंच दांडे कापून पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. साल सडते, नाक धरून पळावं असा वास सुटतो आणि आतले लांब, चिवट धागे मोकळे होतात. त्यांना वाख म्हणतात. एका ताईने हे वाख धुतले, केसांसारखे विंचरले, थरांवर थर रचले आणि त्यांत मक्यापासून केलेला चिकट रस ओतला. मग तापलेल्या साच्यात मला असं काही दाबलं की माझा जीव अर्धा झाला. बाहेर आलो तो हलका, कडक आणि गव्हाळ रंगाचा. ताईने बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि ती पहिल्यांदाच हसली.

तिचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, एक साचा आणि मदतीला दोन बायका. एका रुग्णालयाने तिचे बारा ट्रे घेतले, पण अट घालून. तिथल्या स्वयंपाकघराचे साहेब स्पष्टच बोलले, "हे बघा ताई, तीन वर्षं आम्ही वापरणार. मग यातला एक मी निवडणार आणि मातीत पुरणार. सहा महिन्यांत त्याची माती झाली, तर सगळ्या वॉर्डांना तुमचेच ट्रे. नाही झाली, तर आमचे प्लॅस्टिकचे काय वाईट आहेत?" ताईच्या हाती दुसरं कामच नव्हतं. आमची माती झाली नाही, तर शेडला कुलूप लागणार हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

तीन वर्षं मी राबलो. सकाळी चहा, दुपारी सूप, संध्याकाळी गोळ्या आणि पाण्याचा पेला. पाय मोडलेल्या एका आजोबांनी माझ्यावर पत्ते मांडले आणि स्वतःशीच खेळून स्वतःच हरले. सुरुवातीला सगळे विचारत, "अगंबाई, किती हलका! लाकडाचा आहे का?" पुढेपुढे कुणी विचारेना. माणसांना सवय झाली की कौतुक संपतं, हे तुम्हालाही घरी कळलं असेल.

एक मात्र मला विसरल्या नाहीत. त्या म्हणजे भांडी घासणाऱ्या मावशी. बारा ट्रेंमध्ये त्या मला बरोबर ओळखत आणि स्वतःचा चहा माझ्यावरच ठेवत. ताईने बजावलं होतं की आम्हाला धुवा, पण भिजत ठेवू नका. पण एका शनिवारी नातवाला ताप आला म्हणून मावशी धावतपळत घरी गेल्या आणि मी टाकीतच राहिलो, तो थेट सोमवारपर्यंत. माझी एक कड पुरीसारखी टम्म फुगली. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

सुताराने दारांना लावून उरवलेला वॉर्निशचा डबा कोपऱ्यात पडला होता. मावशींनी मला उन्हात वाळवलं, फुगलेली कड दगडाखाली दाबली आणि आधी उताणा, मग पालथा करून वॉर्निशचे दोन हात दिले. "कुणाला कळायचं नाही," त्या माझ्याशी पुटपुटल्या. "त्या ट्रेवाल्या पोरीच्या मालाला कुणी नावं ठेवायला नकोत."

त्यांची माया खरी होती, पण माझा श्वास कोंडला. ना पाणी आत येई, ना वारा.

तीन वर्षं भरली तेव्हा साहेबांनी बाराही ट्रे मांडले. बाकीचे विटलेले, मी चकचकीत. त्यांनी मलाच उचललं. "हा सगळ्यात धडधाकट. हा विरघळला तर मानलं!" माळीबुवांनी स्वयंपाकघरामागे खड्डा खणला. मी मनात म्हटलं, चला, झालं एकदाचं. पण कसचं काय! गांडुळं येत, चाचपत आणि कंटाळून निघून जात. सहा महिने मी टक्क जागा पडून होतो.

मला बाहेर काढलं तेव्हा साहेब हसले. "ताई, हा तर नवरदेवासारखा नटून निघाला!"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझ्या कडेवर नख ओढलं, पुन्हा ओढलं. "हे माझं काम नाही," ती हळूच म्हणाली. "यावर काहीतरी फासलंय."

"आता कारणं नकोत, ताई."

तेवढ्यात मावशी दारातून पुढे आल्या. हात ओलेच होते. "साहेब, तिला बोलू नका. ते मी फासलंय. टाकीत मी विसरले आणि लपवलंही मीच. काय बोलायचं ते मला बोला."

"मावशी, अहो, मला सांगायचं तरी!" ताई म्हणाली.

"तुझी वस्तू खराब निघाली असं म्हणतील, याची भीती वाटली गं."

साहेबांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी म्हणाले, "आणखी सहा महिने. हाच ट्रे. त्यापुढे एक दिवसही नाही."

ताई आणि मावशी समोरासमोर बसल्या आणि दुपारभर मला पॉलिशपेपरने घासत राहिल्या. ताई रागावलेली होती. पण मावशींची बोटं सोलली तेव्हा तिने त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि राहिलेली कड स्वतः घासली.

मी पुन्हा मातीत गेलो. या वेळी पाणी आत शिरलं, मुळं शिरली, गांडुळांनी घर केलं. मावशी रोज तांदूळ धुतलेलं पाणी आणून माझ्यावर ओतत. मित्रांनो, वस्तू जपा, वेळेवर पुसा, वाळवा. चूक झाली तर सांगून टाका. आणि एखाद्याचं काम संपलं की त्याला जाऊ द्या. मायेपोटीसुद्धा अडवून धरू नका.

आज सहा महिने पूर्ण झाले. माळीबुवांनी हातभर खणलं. काळी माती निघाली, दुसरं काही नाही. साहेब वाकून पाहू लागले. तेवढ्यात मावशींच्या हाताला मी लागलो, अंगठ्याएवढा उरलेला. ती मूठ झाकून घेणं किती सोपं होतं! त्यांनी ताईकडे पाहिलं आणि मूठ साहेबांसमोर उघडली.

"एवढं उरलंय, साहेब."

ताईने डोळे मिटून घेतले. साहेबांनी मला दोन बोटांत धरून हलकेच दाबलं. मी भुसभुशीत झालोच होतो, चुरत चाललो. "ही तर मातीच आहे," साहेब म्हणाले. "ताई, सगळ्या वॉर्डांचे ट्रे करायला घ्या."

ताई तिथेच मातीत मटकन बसली आणि रडू लागली. मावशींनी पदराला हात पुसले आणि खड्ड्याकडे पाहत म्हटलं, "सुटला बिचारा."