पुढे कुणी नसताना

तीस वर्षं सौदीतल्या रास तनुऱ्याच्या रिफायनरीत दुसऱ्याच्या सहीवर जगलेल्या माणसाला स्वतःच्या बोटीवरचा सकाळचा चहा कसा लागतो, हे हेमचंद्रांना विचारावं. गावी जायचं तर कफीलची, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाची, परवानगी; नोकरी बदलायची तर कफीलचा कागद. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी कफील लागणार नाही असा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढला, जेद्दात एक जुनी शिडाची बोट विकत घेतली, तिचं नाव 'चारुता' ठेवलं आणि जाहीर करून टाकलं, "आता माझा कफील मीच." नाशिकच्या मित्रांना फरासान बेटं म्हणजे चहाबरोबर खायचं काहीतरी वाटे, म्हणून हे मुद्दाम तांबड्या समुद्रातल्या त्या बेटांवरूनच त्यांना फोन लावत.

बायकोने, श्यामलाबाईंनी, एकच अट घातली होती. त्या बेटांभोवतीचा समुद्र वरून कितीही निळा दिसला, तरी खाली पोवळ्याचे खडक सुऱ्या परजून बसलेले असतात. "बोट एकदा जरी खडकाला घासली, तरी विकायची आणि सरळ घरी जायचं," असं त्यांनी बजावलं होतं, आणि शाळेत जन्म घालवलेल्या बाईंचं बजावणं म्हणजे काय, हे हेमचंद्र जाणून होते. दोन हिवाळे उलटले तरी चारुताच्या बुडाला ओरखडासुद्धा नव्हता. त्या न पडलेल्या ओरखड्याचा त्यांना इतका अभिमान होता, की पोहायला उतरले की ते आधी बोटीखाली बुडी मारून बुडावरून हात फिरवून येत.

एरवी दिवस संसारी माणसांसारखेच जात. उन्हं तापायच्या आत श्यामलाबाई कपडे कठड्याच्या तारेला चिमटे लावून वाळत घालत आणि ते खारट वाळले म्हणून रोज नव्याने कुरकुरत. हामूर मासा मिळाला तर कालवण, नाहीतर खुबूसची रोटी आणि पिठलं, आणि गावाहून आणलेल्या आमसुलांची सोलकढी. गोडं पाणी मात्र दोघं तुपासारखं वापरत. एका बेटाचा कंटाळा आला, की तटरक्षकांना कळवायचं आणि शीड उभारायचं.

बेटाच्या खाडीत शिरताना मात्र गप्पा बंद. मागे सुकाणूवर हेमचंद्र आणि पुढच्या टोकावर, नाळेवर, श्यामलाबाई. इंजिनाच्या घरघरीत आवाज पोचत नाही, म्हणून सगळा कारभार हाताने चाले. उजवा हात आडवा म्हणजे उजवीकडे, डावा म्हणजे डावीकडे, वर धरलेली मूठ म्हणजे थांबा. इतर बोटींवर नांगर टाकताना नवराबायकोची तोंडं अशी सुटत, की पाण्यातले मासे लाजावेत. चारुतावर मात्र हूं की चूं नाही. लोक कौतुकाने बघत आणि हेमचंद्रांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

या हिवाळ्यात तर तो हात अचूकच झाला होता. शिडाच्या सावलीपलीकडे, पाण्यावरून उसळणाऱ्या लखलखाटात, पांढरी बाही आणि रुंद टोपीची कड एवढंच त्यांना दिसे. पण हात उठे तो न चाचरता, आणि ते जिथे वळत तिथे पाणी खोल असे. नांगर पडला, की श्यामलाबाई पदराला हात पुसत खालच्या स्वयंपाकघरातून वर येत. पुढे एक झडप होती. तिच्यातून त्या खाली उतरत असणार, असं हेमचंद्रांनी कधीच धरून टाकलं होतं. एकदा त्या हातात बांगड्या नाहीत असं त्यांना वाटलं. खाऱ्या पाण्याने खराब होतात म्हणून काढल्या असतील. संध्याकाळी चहा देताना त्या वाजल्या, तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते.

मग एका बेटाआड उसामा भेटला. रिफायनरीतला जुना सहकारी, आता स्वतःची मोटरबोट घेऊन बायकोमुलांना समुद्र दाखवत फिरणारा. चारुतावर येऊन, कॉफीचा पेला हातात फिरवत तो म्हणाला, "वल्लाह हेम, मैं दो दिन से देखता है. तुम अंदर आता है और आगे कोई आदमी नहीं! हम इधर का लोग, फिर भी आगे आदमी खड़ा करता है."

हेमचंद्र हसले. चूक सुधारायला त्यांनी बायकोकडे पाहिलं.

श्यामलाबाईंचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "गुडघा धरलाय ना माझा, भाईसाब. दिवाळीपासून मैं आगे जाती ही नहीं. इनको जरूरतही नहीं पड़ती." आणि मग नवऱ्याकडे वळून मराठीत, "खरंच हो. नूपुरला पण मी फोनवर सांगितलं, तुझे बाबा आता पाण्याचा रंग वाचतात."

हेमचंद्रांच्या हातातला खजूर तसाच राहिला. दिवाळीपासून. त्यांनी नाळेकडे पाहिलं. तिथे फक्त वाळत घातलेला टॉवेल हलत होता. विचारायचं होतं, ते त्याच क्षणी विचारता आलं असतं. पण उसामाने त्यांच्या पाठीवर थाप मारली, बायको डोळे भरून त्यांच्याकडे बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांच्या नावावर काहीतरी निखालस जमा करत होतं.

"सवय आहे," ते म्हणाले.

कुणाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उसामाची बोट त्यांच्या मागोमाग निघाली. "तुम आगे, हम पीछे. यल्ला!" असं तो ओरडला होता. नव्या बेटाच्या खाडीचं तोंड चिंचोळं होतं. श्यामलाबाई गुडघ्याला पट्टा बांधून सुकाणूशेजारी बसल्या होत्या, आणि समोर लखलखाटात तो हात उठला. डावीकडे. हेमचंद्रांनी बायकोकडे बघायचं टाळलं आणि डावीकडे घेतलं. उजवीकडे. त्यांनी उजवीकडे घेतलं. दोन्ही बाजूंना पाणी तपकिरी होत गेलं आणि मग हात खाली गेला. पुन्हा उठेना. पांढरी बाही नाही, टोपी नाही, नुसता उजेड.

थांबता आलं असतं. पण मागे उसामा होता, त्याची मुलं हात हलवत होती, आणि शेजारी श्यामला निश्चिंत बसली होती.

"धर जरा," ते म्हणाले, चाक तिच्या हाती दिलं आणि कठडा धरत नाळेवर गेले.

तिथून सगळं किती स्वच्छ दिसत होतं! खडकाचा प्रत्येक सुळका, त्यांच्यामधून जाणारी निळी वाट. त्यांनी उजवा हात आडवा केला, बोट वळली. डावा केला, वळली. न चाचरता, न बोलता. एवढा नेमका हात आपला होता, हे त्यांनाही माहीत नव्हतं. निळ्या पाण्याच्या मधोमध त्यांनी मूठ वर धरली. बोट थांबली. इंजिन बंद झालं. मागून उसामाच्या भोंग्याचा आणि मुलांच्या टाळ्यांचा आवाज आला.

"कमाल आहे हो तुमची!" श्यामला म्हणत होती. "एवढ्या अरुंद वाटेतून, आणि पुढे कुणी नसताना!"

ते हसतच मागे वळले. श्यामला मघाच्याच जागी, पट्टा बांधलेला गुडघा सरळ करून बसली होती आणि मान वर करून सुकाणूकडे बघत होती. तिथे त्यांची निळी टोपी घालून, छाती काढून कुणीतरी उभं होतं. हेमचंद्रांनी हाक मारायला तोंड उघडलं. मूठ अजून वरच होती. ती खाली येईना.

"सवय आहे," सुकाणूवरचा माणूस म्हणाला.