मौनव्रती हॉर्न

चाकणजवळच्या वस्तीत सकाळी आठलाच ज्योतीरामच्या अंगणात जत्रा लोटली होती. चार दिवस झाले, त्याची गाडी अरुंद फाटकातून डावीकडे वळली की बटणाला हात न लावता हॉर्न बोंबलत होता. आणि डावीकडे ज्योतीराम वळायचा तो बायकोला, तनुजाला, कंपनीत सोडायला.

"सोपानराव आलेत!" मांत्रिक मुरारीबाबांनी बॉनेटवर कान टेकवला. "सून कामाला जाती, ते सासऱ्याच्या आत्म्याला सोसत न्हाई. घरी बसवा तिला."

ज्योतीरामच्या आईचे, चिमाबाईंचे, डोळे भरून आले. "जिते असताना कधी आवाज चढवला न्हाई वं त्यांनी…"

"कंपनीचा फॉर्म मामंजींनीच आणून दिला होता," तनुजा म्हणाली. पण त्या गर्दीत तिचं ऐकतो कोण?

बाबांनी बॉनेट उघडलं, वर उपरणं पसरलं, सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मंत्र पुटपुटत आत लिंबू ठेवलं. मग ज्योतीरामनं स्टिअरिंग पार डावीकडे फिरवलं. गाडी गप्प! लोकांनी हात जोडले.

"सव्वा महिना मौन पाळंल गाडी," बाबांनी जाहीर केलं आणि ते चहाला टेकले.

ज्योतीराम त्यांच्यासाठी जिलेबी आणायला निघाला, तर फाटकाबाहेरच शेजारच्या तानुबाई म्हैस घेऊन आडव्या आल्या. त्यानं हॉर्न दाबला. आवाजच नाही! करकचून ब्रेक मारला, तेव्हा गाडी म्हशीपासून वीतभर अंतरावर थांबली.

"मुडद्या, हॉर्न द्यायला काय झालं?"

"गाडीचं मौन हाय, काकू…"

तनुजाचा आता संयम सुटला. रोज आठ तास गाड्यांच्या वायरी जोडण्यातच जायचे तिचे. तिनं बॉनेटखालची फ्यूजची पेटी उघडली. हॉर्नच्या फ्यूजची जागा रिकामी! पेटीतलाच जादा फ्यूज तिनं तिथं बसवला.

"अहो, आता फिरवा डावीकडे."

पोंऽऽ!

"उजवीकडे."

शांतता.

तिनं स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. "हे बघा. हॉर्नची वायर घासून सोललीय. पार डावीकडे वळलं की उघडी तार लोखंडाला टेकते. बटण दाबल्यासारखंच झालं की!" तिनं टेप गुंडाळली, वायर बाजूला बांधली. हॉर्न आता दाबला तरच वाजू लागला.

"बाबा, हा मंत्र कुठल्या गॅरेजात शिकलात?"

बाबा लगबगीनं उठले, तशी कमरेची उदीची पुडी सुटली आणि राखेतून एक इवलासा फ्यूज घरंगळला.

"तळेगावला… चार वर्षं होतो," बाबा पुटपुटले.

अंगण खदखदून हसलं. चिमाबाई मात्र हसल्या नाहीत. "माझ्या माणसाच्या तोंडी खोटं घातलंस, मुरारी. त्यांचं नाव पुन्यांदा काढू नगंस." मग तनुजाकडे वळल्या. "जा बाळा, उशीर झालाय."

मंडळी, यंत्र बिघडतं, त्यात नवल नाही. कारण सापडेपर्यंत "ठाऊक नाही" म्हणायला लाजू नका. पण त्याचं बिल घरच्या सुनेच्या नावावर तेवढं फाडू नका!