नबीलालचा स्ट्रायकर

नबीलाल लबाडी करतोय याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की करतो कशी.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे झोपेतून उठवलं तरी म्हणेन. आणि इथे कॅरमच्या बोर्डावर डोळ्यांदेखत ते खोटं पडत होतं. लकव्याने नबीलालचा उजवा हात गेला, चिंचोळीच्या फेऱ्या मारणारा टेम्पो सुटला आणि माणूस घरात कोंडून बसला. आता तो हात जेमतेम उचलतो, बोट स्ट्रायकरला नुसतं लागतं, स्ट्रायकर पेंगत निघतो आणि सोंगटी मात्र थेट भोकात! वेग नाही, तर वस्तुमान हवं. म्हणजे स्ट्रायकर जड. आत शिसं भरलेलं. सरळ हिशेब होता.

उन्हाळाभर मी मुलाकडे पुण्याला होतो. शिवलिंगप्पाच्या चादरीच्या दुकानात, दुपारी शटर अर्धं ओढलं की आमचा कॅरम बसतो. परत येऊन बघतो तर तिथे हा चॅम्पियन होऊन बसलेला. रोज मला हरवायला लागला. मला! वर म्हणाला, "सर, हात बसला बगा. घरातनं चालत येतोय आता. दिवाळीला टेम्पोवर बसतो की न्हाय, बगाच तुमी." बाकीचे माना डोलवत होते. शिवलिंगप्पाचा पुतण्या शिवराज तर टाळ्या पिटत होता. एवढ्या मुरलेल्या खेळाडूंना काहीच कसं दिसत नाही? मला आता एकेकाचा संशय यायला लागला.

आमच्यात एक रीत आहे. दुसऱ्याच्या स्ट्रायकरला हात लावायचा नाही. ज्याचा त्याने खिशातून आणायचा, खिशातून न्यायचा. म्हणजे चोरी पकडायची तर आधी आपण चोरी करणं आलं. त्या दिवशी नबीलाल नमाजला उठला आणि स्ट्रायकर बोर्डावरच राहिला. बाकीचे चहात गुंतलेले बघून मी तो मुठीत घेतला आणि समोरच्या सराफाकडे गेलो.

"सर, सोनं हाय व्हय ह्यात?" काट्यावर ठेवत सराफ हसला.

"शिसं आहे. बघाच तुम्ही."

शिसं नव्हतं. उलट माझाच स्ट्रायकर किंचित जड भरला. मी सराफावर चिडलो, त्याच्या काट्यावर चिडलो आणि तसाच परत येऊन स्ट्रायकर गुपचूप जागेवर ठेवला.

नबीलाल आला, डाव मांडला. डोकं तापलेलं होतंच. मी असा फटका मारला की सोंगटी भोकाच्या कडेला आपटून समोरच्या टोकाला गेली. पुढच्या खेपेला तेच. त्यानंतरची तर बोर्डाबाहेर उडाली. आणि मग एकदम लख्ख दिसलं. टक्कर दोघांची असते. आपटणारा जड नसेल, तर ज्याच्यावर आपटतो तो हलका असला पाहिजे!

मी सोंगटी उचलून बघितली. पातळ होती. घासलेली, वर गुळगुळीत पॉलिश.

"सोंगट्या बदलल्यात," मी म्हणालो.

बोर्डाखाली शिवलिंगप्पाचा पाय माझ्या पायावर पडला.

"पाय काढा, शिवलिंगप्पा."

"सर, च्या घ्या की आदी. गार व्हायलाय."

"चहा राहू द्या. ह्या हलक्या आहेत. नुसतं बोट लागलं तरी पळतात आणि आम्ही जोरात मारल्या की उसळून परत येतात. म्हणजे लकव्याचा माणूस जिंकणार आणि धडधाकट हरणार! कुणी घासून आणल्या?"

वर्गात बोलतो तसा बोललो, मोठ्याने, बोट नाचवत. शिवराजने मान खाली घातली. मग माझ्या लक्षात आलं, माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे नबीलालकडे बघत होते.

"समद्यांना ठावं होतं?" नबीलालने विचारलं.

"तसं न्हाय रे नबी," शिवलिंगप्पा म्हणाला. "तू भाईर पडावंस, चार मानसांत यावंस म्हनून..."

"जुन्या सोंगट्या काड."

"आज ऱ्हाऊ दे की."

"काड म्हनतो न्हवं!"

जुन्या निघाल्या. शिवराजने डाव फोडला, सोंगट्या पांगल्या. नबीलालने एक सोपी धरली, बोट लावलं. सोंगटी चार बोटं सरकली आणि थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला पकडायला निघालो होतो त्याने काही केलंच नव्हतं, आणि ज्यांनी केलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती.

"सर, तुमची पाळी," नबीलाल म्हणाला.

भोकाच्या अगदी तोंडाशी एक पांढरी होती. फुंकर मारली तरी पडली असती. मी नेम धरला. खरं सांगतो, ती घ्यायचीच होती मला. स्ट्रायकर तिच्या बाजूने निघून गेला.

नबीलालने बोर्डाकडे बघितलंच नाही. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, मी इतके दिवस त्याच्या हाताकडे बघत होतो तसा.

"मुद्दाम चुकलात, सर?"

"नाही, नबीभाई. आईशपथ नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता.