पंख्याजवळचा प्राणवायू

अफरीनचा खालून फोन आला तेव्हा वरच्या मजल्यावर चैतालीच्या संगणकाच्या पडद्यावर सगळं आलबेल होतं.

“चैताली, टाकीतल्या पंख्याचा वेग वाढवू का गं? काचेतून बघतेय, वरचा द्रव हलेनासा झालाय.”

अंबडच्या त्या कारखान्यातल्या मोठ्या पोलादी टाकीत अफरीनची बुरशी वाढत होती. कांद्याच्या मुळकुजीवर उतारा म्हणून तिनं ती येवल्याला, मामाच्या शेतातल्या मातीतून शोधून काढली होती. लहान टाकीत ती झकास वाढली. मोठी टाकी मात्र विभागप्रमुख रवीसरांनी एकदाच दिली होती. जमलं तर पुढे, नाहीतर काम बंद.

टाकी किती ढवळायची आणि हवेतला प्राणवायू द्रवात किती विरघळेल, याचं गणिती प्रारूप चैतालीनं बांधलं होतं. टाकीत बसवलेल्या, प्राणवायू मोजणाऱ्या प्रोबचे आकडे तिच्या आलेखाच्या रेघेवर नेमके पडत होते. इतकी देखणी जुळणी तिनं आजवर पाहिली नव्हती.

“नको,” ती म्हणाली. “प्राणवायू भरपूर आहे. वेग वाढवलास तर तुझ्या लाडकीचेच तंतू तुटतील.”

“तुझ्या टाकीत पाणी असेल बाई. माझ्या टाकीत पिठलं झालंय.”

“मग तू पिठलं सांभाळ, मी गणित सांभाळते.”

अफरीन हसली. “बरं, गणितबाई. तू म्हणतेस तर राहू दे.”

सकाळी जिन्यातच कुजका, आंबूस वास आला. टाकी रिकामी केली तेव्हा भिंतींना पांढरट साय धरलेली होती, पंख्याची हवा तिथवर कधी पोचलीच नव्हती. बुरशी दाटत गेली तसा पंखा आपल्याभोवतीचा तेवढाच द्रव फिरवत राहिला, आणि प्रोब नेमका त्याच्या शेजारी होता. चैतालीनं दाटपणा धरला होता लहान टाकीतला, सुरुवातीच्या दिवसांतला. तोही सगळीकडे सारखा. प्रारूप आणि प्रोब, दोघंही एकाच कोपऱ्याची खरी गोष्ट सांगत होते.

रवीसर ओरडले नाहीत. टाकी दुसऱ्या कामाला दिली.

चैतालीनं खरा दाटपणा घालून प्रारूप पुन्हा चालवलं. चहा निवायच्या आत चित्र आलं: मधे प्राणवायूचा लाल ठिपका, भोवती सगळं निळं, गुदमरलेलं.

अफरीननं राजीनामा दिला. निघायच्या दिवशी चैतालीनं तिला ते चित्र दाखवलं. न दाखवणं तिला जमेना.

अफरीननं निळ्यावर बोट ठेवलं. “तेव्हा वेग वाढवला असता तर?”

खोटं बोलणं सोपं होतं. “बहुतेक वाचली असती,” चैताली म्हणाली.

“हं.” अफरीननं डबा पिशवीत टाकला. “नको म्हणालीस त्याचं काही नाही गं. माझंही चुकलं असतं कधी. पण मी काचेपाशी उभी होते, आणि तू एक जिना उतरून बघायलाही आली नाहीस.”

चैतालीला खरंच वाटलं नव्हतं, की खाली बघण्यासारखं काही असेल.

दारापाशी अफरीन थांबली. “बुरशीच्या कुप्या कंपनीच्या. खालच्या फ्रीजरमध्ये आहेत. वीज गेली की बघत जा.” मग हलकेच म्हणाली, “जिना उतरावा लागेल हां.”

ती गेल्यावर चैताली खाली गेली. फ्रीजर नीट चालू होता. कुप्यांवर अफरीनच्या अक्षरात येवला लिहिलं होतं. तिनं दार लावलं आणि तिथंच उभी राहिली. वर जाऊन करण्यासारखं काही नव्हतं.