भिंतीपलीकडचा हात

भोरच्या पेठेत लियाकतचाचांचं बांगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बाई, लेणं बाईचं, आणि बाईचा हात हातात धरून बांगडी चढवणार कोण, तर बाप्या. याचा मला पहिल्यापासून राग. त्यांची पुतणी फौजिया माझी शिवणक्लासातली मैत्रीण. बोटं अशी मऊ की आवळ बांगडीसुद्धा कळायच्या आत मनगटावर जाते. पण भरायची ती फक्त घरात, आमच्यासारख्यांना. तिला दुकानात बसायचं होतं.

चाचा म्हणाले, "आपल्या घरातल्या बाईनं परक्याचा हात कदी धरला न्हाई."

"दादीनं धरला की! सरदारांच्या वाड्यात बांगड्या भरायला दादीच जायची. अब्बा सांगायचे."

"तुझ्या अब्बाला काय ठाऊक, तो धाकटा. दादा जायचे. वाड्याच्या देवडीत भिंतीला भोक हाय. बाया आतनं हात काढायच्या, दादा भायेर बसून भरायचे. तोंड बघायचं काम न्हाई. भोक अजून हाय. जा, बघून ये."

दादी खुर्शिदा आणि दादा, म्हणजे फौजियाचे आजी-आजोबा, दोघंही कधीच गेलेले. विचारायचं कुणाला? मग भोकालाच विचारू म्हटलं.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातला रविवार. मी माझ्या गावाहून, वरव्याहून, सकाळच्या एसटीनं भोरला आले. तिथून दोघी दुसऱ्या गाडीनं सरदारांच्या त्या वाड्याला गेलो. नीरेवर धुकं बसलेलं, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. फौजियानं पिशवीत हिरव्या बांगड्यांची माळ घेतली होती. "भोक नुसतं बघून काय करू? भरून बघायचं," म्हणाली.

दारावर पाटी. सरदारांनी कुठं तलवार गाजवली, कुणाला कुठल्या गावची जहागीर मिळाली, सगळं होतं. त्यांच्या बायका दारं लावलेल्या चौकात जन्म काढत होत्या, त्याबद्दल एक ओळ नाही. पाटी लिहिणाऱ्याला आई नसावी.

राखणदार सोनबातात्या देवडीतच शेकोटी करून बसले होते.

"पिच्चरवाल्या का तुमी?"

"न्हाई तात्या, बांगडीवाल्या," फौजिया म्हणाली.

"ह्या वाड्यात आता बांगड्या कुणाला भरतीस? मला?"

भोक खरंच होतं. बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, दगडी भिंतीत, चपटं, आरपार. फौजिया त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिचं तोंड उतरलं. ते नसतं तर चाचा खोटे ठरले असते. ते होतं.

"चल घरी," ती म्हणाली.

"चल काय? पिशवी कशाला आणलीस मग? मी पलीकडं जाते."

शेकोटीवर हात चांगले शेकून घेतले. गार हात आखडतो, बांगडी चढत नाही. मग मी वळसा घालून बायकांच्या चौकात गेले. आत अंधारी खोली. भिंतीला टेकून खाली बसले. भिंत एवढी जाड की कोपरापर्यंत हात घातला तेव्हा कुठं पंजा पलीकडं निघाला. गाल गार दगडाला चिकटलेला. समोर काही दिसत नव्हतं, आणि माझा हात भिंतीपलीकडं कुणाच्या तरी ताब्यात. फौजियाचाच हात होता, तरी अंगावर काटा आला. त्या बायकांना काय वाटत असेल?

"सुलक्षणे, अंगठा मोड आत. सैल सोड. सैल सोड की गं, दगड धरल्यागत धरलायस!"

तिनं पंजा चेपला, बोटांची हाडं एकावर एक सरकवली. आणि बांगडी गेली मनगटावर. पाठोपाठ दुसरी.

पलीकडून तिनं माझा हात सोडून दिला.

"काय झालं गं?"

"गेली की." तिचा आवाज रडका होता. "चाचांचंच खरं. काढ हात."

मी हात ओढला. आला नाही. गोल बांगड्या चपट्या भोकाच्या तोंडाशी अडल्या. पुन्हा ओढला, तिरपा केला, पालथा केला. नाहीच.

"फौजे, हात येईना."

"म्हंजे?"

"म्हंजे मी आता वाड्यातच राहणार. सरदारांची सून झाले."

तिकडं सोनबातात्या खो खो हसत सुटले. "ओढ पोरी, ओढ! न्हाई तर भित पाडाया लागंल, आन् नोकरी माजी जाईल!"

फौजिया मात्र हसत नव्हती. "तात्या, थांबा. एक मिंट थांबा." मग भोकाला तोंड लावून ओरडली, "सुले, ओढ जोरात!"

ओढला. टक्. दोन्ही बांगड्या वाढल्या. बांगडी फुटली म्हणायचं नसतं आमच्यात. मनगटाला ओरखडा उठला, रक्त आलं, आणि पलीकडं ही बया नाचायला लागली.

"अगं, भरलेला हात परत आत जातच न्हाई! मग दादा भरत काय होते? भिंतीत हात आडकवून बाया जेवायला कशा गेल्या?"

"मग भोक कशाला हो तात्या?" मी बाहेर येऊन विचारलं.

"कुणी म्हनतं उजेडाला, कुणी म्हनतं चोरून ऐकायला. म्या काय त्या वक्ताला हुतो?"

संध्याकाळी दुकानात गेलो. फौजियानं सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं.

"हात आखडला आसंल थंडीनं."

"शेकला होता," मी म्हटलं. "आणि चाचा, चढताना काही अडलं नाही. परत घेताना अडलं."

"तुजं मनगट जाड."

"माझं? सरदारांच्या घरातल्या बाया काय उपाशी होत्या?"

फौजिया मध्ये पडली. "चाचा, दादी आत जात होती. बाईच आत जाऊ शकते. तुमाला पटत नसंल तर सवता बसून भरा."

चाचांनी काचेच्या कपाटातल्या बांगड्या उगाच सारख्या केल्या. लहानपणापासून सांगत आलेली गोष्ट. भोक बघितलं होतं, हात घालून कधी बघितला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत राग होता, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. सकाळी बसमध्ये आमच्या डोळ्यांत होतं तेच.

"उद्या मी सवता जातो," ते म्हणाले. "तुज्या चाचीला घेऊन. तिचा हात बारीक हाय."

"फिरोज तर टेम्पो घेऊन सारोळ्याला जाणार," फौजिया म्हणाली. फिरोज म्हणजे चाचांचा मुलगा. "मग दुकान?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. लग्नसराई होती. समोरच्या दुकानात बायकांची गर्दी.

"बंद कशाला ठेवायचं," ते पुटपुटले. मग एकदम आवाज चढवून, "आन् हे बघ, नवरीच्या हातात घाई करायची न्हाई. भरताना वाढली तर नुकसान आपल्या अंगावर."

"मला ठाऊक हाय," फौजिया म्हणाली.