अंगठ्याखालची जखम

गोरेगावच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर शत्रुघ्नरावांनी विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या घरामागे कोंबड्या पाळल्या. शेजारच्या ग्लोरियाकडून घेतलेल्या, अकरा गावठी. चौतीस वर्षं घरात मोजकंच बोलणारा माणूस आता दिवसभर खुराड्याशी बोलायला लागला.

रोज सकाळी ते एकेक कोंबडी मांडीवर घेत. तुरा फिका पडलाय का, डोळ्यांत पाणी आहे का, पंखांखाली पिसवा आहेत का, सगळं बघत. पिसवा दिसल्या की मातीत राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला मिसळून लोळायला खड्डा करून देत. अंड्याचं कवच पातळ आलं की दाण्यात शिंपल्यांचा चुरा घालत. “कोंबडी दुखणं लपवते. रोज हातात घेऊन बघितलं तरच कळतं,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

शिंपले कुटायचं काम त्यांच्या बायकोचं, आशालताबाईंचं. भुईगावच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले त्या मागच्या ओट्यावर वरवंट्याने कुटत. मार्चमध्ये ओट्याखाली उडालेला एक तुकडा त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली घुसला. मधुमेहाने पाय बधिर झालेले, त्यामुळे टोचल्याचं कळलंही नाही. दोन दिवसांनी चप्पल ओली दिसली तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं.

त्याच आठवड्यात काळी कोंबडी लंगडायला लागली. तळव्याला सूज आणि मधोमध काळी खपली. रात्री बसायच्या उंच दांडीवरून रोज कडक जमिनीवर उडी मारून तळव्याला इजा झाली होती, आत पू धरला होता. शत्रुघ्नरावांनी दांडी खाली आणली, जमिनीवर पेंढा पसरला. मग रोज दोन वेळा तिचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं धरायचा, खपली मऊ झाली की अलगद पू काढायचा, हळद आणि खोबरेल लावून पट्टी बांधायची. पाणी आशालताबाई तापवून आणत.

“अहो, माझ्या पायातूनही काहीतरी येतंय,” तिसऱ्या दिवशी पातेलं खाली ठेवत त्या म्हणाल्या.

“हळद लाव. आणि ती पट्टी दे इकडे.”

त्यांनी हळद लावली. चार दिवसांनी पुन्हा सांगितलं, “वास येतोय हो त्याला.”

“मग कोरडा ठेव ना पाय. सारखी पाण्यात असतेस,” शत्रुघ्नराव म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. कोंबडीचा तळवा त्यांच्या हातात होता. आशालताबाई आत गेल्या. पायाला फडकं गुंडाळून पाणी तापवत राहिल्या.

बाराव्या दिवशी काळी नीट चालायला लागली. शत्रुघ्नरावांनी कौतुकाने ग्लोरियाला बोलावलं. ग्लोरिया आली, कोंबडी पाहिली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकली.

“वैनी, पाय दाखव.”

“काही नाही गं, बारीकसं लागलंय.”

ग्लोरियाने खाली बसून फडकं सोडलं, आणि तशीच रिक्षा आणायला पळाली.

हाडापर्यंत पू गेला होता. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. ड्रेसिंग करताना डॉक्टरांनी विचारलं, “मधुमेह आहे हे माहीत होतं ना? इतके दिवस घरात कुणीच पाय पाहिला नाही?”

आशालताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“हिने सांगितलंच नाही हो,” शत्रुघ्नराव म्हणाले. “हिची सवयच आहे, सगळं अंगावर काढायची.”

आशालताबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

घरी आल्यावर शत्रुघ्नराव हात साबणाने धुऊन, पट्टी आणि औषध घेऊन पलंगापाशी आले. आशालताबाईंनी पाय चादरीखाली ओढला.

“ग्लोरिया येईल करायला.”

“मला येतं की. माझा हात हलका आहे.”

“माहीत आहे. बारा दिवस शेजारी उभी राहून बघत होते.”

ते पट्टी हातात धरून उभे राहिले. “मग डॉक्टरांना काय सांगायला हवं होतं मी? चार लोकांसमोर?”

“झालं ते.”

“कोंबड्या देऊन टाकतो. उद्याच देतो.”

“त्यांना कशाला शिक्षा? त्यांनी काय केलंय?”

दुसऱ्या आठवड्यात मुलगी, रीमा, आईला विरारच्या फ्लॅटवर घेऊन गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेलेल्या आशालताबाईंना आता तीन महिने झाले. शत्रुघ्नराव दर रविवारी फोन करतात, पाय कसा आहे विचारतात. त्या “बरा आहे” म्हणतात आणि फोन रीमाच्या हातात देतात. परत कधी येणार, हे शत्रुघ्नरावांनी अजून विचारलेलं नाही. उत्तर काय येईल, ते त्यांना माहीत असावं.