तिची आजची सही घ्या

साहेब, खात्यातली बाई विसरलात तुम्ही आणि दोष देताय तिच्या हाताला. मित्रांनो, मी बँकेतले एक जुने सहीचे कार्ड आहे. ग्राहकाची पहिली सही माझ्यावर असते आणि आज तिच्याविरुद्ध साक्षीला मलाच उभे केले.

मी कोरे होते तेव्हा काउंटरशी एक शिवणकाम करणारी बाई आली. तोवर ती सगळीकडे अंगठाच द्यायची. सहीसाठी तिने कापड आखायच्या खडूने फरशीवर स्वतःचे नाव गिरवले होते. कॅशियर म्हणाले, "मावशी, ही सही नाही, भरतकाम आहे." मला फार अभिमान वाटला.

मग मी कपाटात गेले. ती शिलाईचे पैसे भरत राहिली. पुढे मुलीकडे परगावी गेली आणि दहा वर्षे खात्यात काही हलले नाही. बँकेने खाते निष्क्रिय ठरवून रक्कम वर, कुणी न मागितलेल्या ठेवींच्या निधीत पाठवली. बेवारस म्हणे. पत्ता बदलला की माणूस मरतो का? एक फोन करायला काय हात दुखत होते?

पैसे अजून तिचेच आहेत, मागितले की मिळतात, असे भिंतीवर लिहिले आहे. म्हणून आज ती मुलीला घेऊन आली. पुढच्या आठवड्यात तिच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. तिने ओळखपत्र दिले, सही केली. साहेबांनी मला त्या सहीशेजारी धरले.

"जुळत नाही."

"हात कापतो हो आता. ओळखपत्रावर चेहरा माझाच आहे ना?"

"चेहऱ्याचं काही नाही, सहीचं आहे. अंगठा द्या, लगेच काम होईल."

"आई, दे ना अंगठा. डोळा मोठा की सही?" मुलगी कुजबुजली.

"तू गप गं. तो अंगठा पुसायलाच मी इथे आले होते." मग ती साहेबांकडे वळली. "तुमची सही म्हणजे नुसतं गांडूळ. ते रोज जुळतं का? माझी आजची सही नव्या कार्डावर घ्या."

"त्याला वरून परवानगी लागते."

"मग मागवा. बसते मी."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला फाडा. माझ्यावरच्या तरुण बाईला कसलेच ऑपरेशन करायचे नाही. जपायचे तर बाकावर बसलेल्या बाईला जपा.

साहेब, ती अजून बसून आहे आणि तुम्ही डबा उघडलात. परवानगी मागितलीत का? हो की नाही, तिच्या तोंडावर सांगा.